फिरती संगणक शाळा सुरू करताय? गाडी सगळ्यात शेवटी घ्या

गावोगावी गाडी नेऊन तरुण-तरुणींना संगणकावरची कामं शिकवायची, ही कल्पना संस्थांना, ट्रस्टना आणि सीएसआर निधी (कंपन्यांचा समाजकार्याचा पैसा) देणाऱ्यांना लगेच पटते. मग गाडी घेतली जाते, रंगवली जाते, आमदारांच्या हस्ते फीत कापली जाते. शिकवायचं काय, कोणाला आणि कुठल्या महिन्यात, हे त्यानंतर ठरतं. वर्षभरात गाडी चाळीस गावं फिरते, पाचशे प्रमाणपत्रं वाटते, पण पगारावर लागलेली पाच माणसं विचारली की कोणाला नावं सांगता येत नाहीत. सामान बहुतेकांकडे ठीकच असतं, घोटाळा क्रमात असतो. खालचा क्रम ग्रामीण महाराष्ट्रातला एखादा तालुका डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे.

## पायरी १: तालुक्यात काम कोण देतं, ते आधी शोधा

अभ्यासक्रम ठरवण्याआधी तालुक्याच्या बाजारपेठेत चार-पाच दिवस पायी फिरा. वही घेऊन दुकानात शिरा आणि दोनच प्रश्न विचारा: संगणकावर काम करणारा माणूस तुमच्याकडे आहे का, आणि नवीन माणूस घेतला तर पहिल्या दिवशी त्याला काय यायला हवं?

कुठे जायचं? आपले सरकार सेवा केंद्र, दूध संकलन केंद्र, पतसंस्था, कृषी सेवा केंद्र, बाजार समितीतल्या आडती, औषधांचं होलसेल दुकान, खासगी दवाखान्याचं काउंटर, सीए किंवा कर सल्लागाराचं ऑफिस, फ्लेक्स आणि डीटीपीवाले, कुरिअरचं गोदाम. साखर कारखाना असेल तर तिथलं शेती खातं आणि वजनकाटा.

उत्तरं ऐकून संस्थेच्या माणसांचा चेहरा पडतो. कोणीच ‘कोडिंग’ म्हणत नाही. सेवा केंद्रवाला म्हणतो, फोटो आणि सहीची फाइल ठरलेल्या केबीत (फाइलच्या आकारात) बसवता आली पाहिजे आणि नाव आधारवर आहे तसंच टाकता आलं पाहिजे. कर सल्लागार म्हणतो, टॅली येऊ दे, पण जीएसटी क्रमांक उतरवताना चूक नको. डीटीपीवाल्याला श्रीलिपी हे जुनं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर हवं असतं, कारण त्याची जुनी सगळी कामं त्याच फॉन्टमध्ये आहेत. युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर आणि वेबसाइटवर चालणाऱ्या पद्धतीत, टाइप केलेला मजकूर त्याच्या फाइलमध्ये तसाच चिकटवला की अक्षरांची भेंडोळी होते.

यातून सगळ्यात जास्त वेळा कानावर आलेली तीन कामं निवडा. तुमचा अभ्यासक्रम तेवढाच. चौथं काम घेण्याचा मोह होईल, घेऊ नका.

तपासणी: ‘तुमचा विद्यार्थी आठवडाभर बसवून बघतो’ असं तोंडी का होईना म्हणणारी किमान आठ दुकानं किंवा कार्यालयं यादीत आहेत का? नसतील तर या तालुक्यात स्थानिक नोकरीचं आश्वासन देऊ नका. पुणे, नाशिक, संभाजीनगर किंवा नागपूरला जाऊ शकणाऱ्यांसाठी वेगळा वर्ग आखा आणि तसं स्पष्ट सांगा.

## पायरी २: गावं कमी, फेऱ्या जास्त

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. नाव ‘फिरती शाळा’ म्हणून रोज नवीन गाव घेतलं जातं. अहवालात गावांचा आकडा छान दिसतो, पण टायपिंगला हात बसायला सराव लागतो, आणि पंधरा दिवसांतून एकदा आलेल्या गाडीत तो बसत नाही.

हिशेब साधा आहे. एका गाडीचे दिवसाला दोन वर्ग, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे बारा वर्ग. एका गावाला आठवड्यातून तीन वर्ग द्यायचेच, म्हणजे एका गाडीत चार गावं. दोन-दोन तासांचा वर्ग धरला तर बारा आठवड्यांत, शेवटच्या दोन आठवड्यांतलं दुकानातलं काम धरून, एका विद्यार्थ्याच्या वाट्याला ७२ तास येतात. कामाला लावायचं असेल तर यापेक्षा खाली उतरू नका. एका दिवसाची दोन गावं एकमेकांपासून पंधरा किलोमीटरच्या आत ठेवा, नाहीतर अर्धा दिवस रस्त्यात जातो.

## पायरी ३: वेळापत्रक गावाच्या वर्षावर बसवा

बीडमधल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर भागात ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर निघतात आणि गाळप संपून कारखान्यांचे पट्टे पडल्यावर, पाडव्याच्या मागेपुढे, परततात. तिथे नोव्हेंबरात वर्ग उघडलात तर ज्यांच्यासाठी उघडला ती घरं कुलूपबंद सापडतील. अशा गावात बारा आठवड्यांचे दोन तुकडे करा: एप्रिलच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत सात आठवडे, आणि पोळ्यानंतर दसऱ्यापर्यंत पाच. मधल्या पेरणी-खुरपणीत वर्ग बंद ठेवा. चालू ठेवलात तरी पोरं येणार नाहीत आणि तुम्ही त्यांना ‘गांभीर्य नाही’ म्हणाल.

नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगाव पट्ट्यात हंगाम वेगळा. तिथले लोक गुजरातेत कामाला जातात, आणि कुठल्या पाड्यातून कधी जातात हे तिथल्या आशाताईंइतकं नीट कोणी सांगणार नाही.

दिवसाची वेळ बायकांना विचारून ठरवा. बहुतेक गावांत सकाळचं पाणी-स्वयंपाक उरकल्यावर आणि संध्याकाळी जनावरं घरी यायच्या आत, एवढीच फट असते. आठवडी बाजाराच्या दिवशी वर्ग ठेवू नका.

## पायरी ४: थांबायची जागा

ग्रामपंचायत आनंदाने पाराजवळची जागा देते. नम्रपणे नाही म्हणा. पारावर दिवसभर पुरुष बसलेले असतात. तिथे उभ्या केलेल्या गाडीत चढायला गावातली सून तयार होत नाही, आणि झाली तरी दुसऱ्या दिवशी घरून आडकाठी येते. जिल्हा परिषदेच्या शाळेचं आवार, अंगणवाडीशेजारची जागा किंवा समाजमंदिर चांगलं. वापरता येईल असं स्वच्छतागृह जवळ असलंच पाहिजे. ते नसेल तर मुलींचा पट महिनाभरात निम्मा होतो, आणि कारण तोंडावर कोणी सांगत नाही.

जागा पक्की करण्याआधी वर्गाच्याच वेळी तिथे उभं राहून नेटवर्क तपासा. फोनवर दांड्या दिसतात म्हणून समाधान मानू नका. दोन-तीन कंपन्यांची सिम घालून एखादी पाच एमबीची पीडीएफ ईमेलला जोडून पाठवा. ती दोन मिनिटांत गेली तरच जागा चालेल.

सावध: शाळेचं आवार वापरायचं तर मुख्याध्यापकांची तोंडी हो पुरेशी नाही. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या. मुख्याध्यापकांची बदली होते, ठराव कागदावर राहतो.

## पायरी ५: आता गाडी, आणि तीही लहान

बसच्या आत वर्ग भरवायचा हट्ट आधी सोडा. मे महिन्यात पत्र्याच्या टपाखाली बारा माणसं आणि बारा लॅपटॉप म्हणजे भट्टी. एसी लावला तर सगळी वीज तोच खातो. जिथे समाजमंदिर किंवा शाळेची खोली मिळते तिथे जीप किंवा छोटा टेम्पो, फोम लावलेल्या पेट्यांत लॅपटॉप आणि घडीची टेबलं एवढ्यावर काम होतं. खोलीच मिळत नाही अशा पाड्यांसाठीच बस ठेवा.

बस करायचीच असेल तर बॉडीत बदल करण्याआधी आरटीओची परवानगी घ्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार बदलाची नोंद आरसी बुकात व्हावी लागते. आसनं काढून टेबलं बसवलेल्या गाडीचा अपघात झाला आणि नोंद नसेल, तर विम्याचा दावा तिथेच अडतो.

विजेचं गणित कागदावर करा, फिटरच्या ‘होऊन जाईल’वर सोडू नका. एक लॅपटॉप चार्ज होत-होत चालताना साधारण ५० वॉट घेतो, बारांचे ६०० वॉट. पंखे, दिवे, राउटर धरून ७५० वॉट. चार तासांत तीन युनिट. आता बॅटरीकडे या. १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-अवर) बॅटरीत कागदावर १.८ युनिट मावतात, पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते. हाती आलं ०.९ युनिट, त्यातून इन्व्हर्टर आपला वाटा खातो. म्हणजे चार बॅटऱ्या लागतात, आणि एकेक उचलायला दोन माणसं. डेस्कटॉप घेतलेत तर हा सगळा आकडा दुप्पट-तिप्पट होतो. म्हणून डेस्कटॉप नकोच.

त्याहून सोपा उपाय म्हणजे लॅपटॉप रात्री मुक्कामाच्या ठिकाणी पूर्ण चार्ज करून आणणं. बॅटरी चांगली असलेला लॅपटॉप पहिला वर्ग स्वतःच्या जोरावर काढतो. गाडीतली बॅटरी पंख्यांसाठी आणि दुसऱ्या वर्गाच्या पुरवणीसाठी उरते.

टपावर सौर पॅनल लावायला हरकत नाही. ५०० वॉटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला दोन युनिटच्या आसपास देतं, श्रावणात त्याची आशा ठेवू नका. आणि एक गोष्ट विक्रेता सांगत नाही: पॅनलला ऊन हवं आणि आत बसणाऱ्यांना सावली. लिंबाखाली गाडी लावली की पॅनल झोपतं.

तपासणी: शाळेच्या सॉकेटवरून वीज घेणार असाल तर आधी अर्थिंग बघून घ्या. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लागल्यावर झिणझिण्या आल्या तर तो सॉकेट त्या दिवसापुरता बंद. आकडा टाकून वीज घ्यायची सूचना गावातून येईल, तिथेच थांबवा. चालकाला इन्व्हर्टर, फ्यूज आणि बॅटरीचं पाणी बघायला शिकवा. शिक्षक बदलत राहतात, चालक सहसा टिकतो.

## पायरी ६: लॅपटॉप गावात न्यायच्या आधी

या पायरीला कंटाळून लोक पुढे जातात आणि पहिल्या आठवड्याचे तीनही वर्ग त्यात गमावतात.

१. विंडोजमध्ये वाय-फाय ‘मीटर्ड कनेक्शन’ (मोजका डेटा असलेलं) म्हणून नोंदवा. नाहीतर बारा लॅपटॉप एकाच वेळी अपडेट ओढायला लागतात, डेटा संपतो आणि पडद्यावर ‘बंद करू नका’ एवढंच दिसतं.

२. प्रदेश ‘इंग्लिश (इंडिया)’ करा. तो अमेरिकेवर राहिला तर ०५/०७ ही ५ जुलैची नोंद ७ मे होऊन बसते, आणि हे वहीशी ताळा करेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

३. टायपिंग ट्यूटर, ऑफिसचं पॅकेज, सरावाच्या फाइली आणि व्हिडिओ सगळं लॅपटॉपवरच ठेवा. नेट गेलं म्हणून वर्ग सुटता कामा नये.

४. शिकवणाऱ्याचं खातं वेगळं, विद्यार्थ्यांचं वेगळं. विद्यार्थ्यांच्या खात्याला सॉफ्टवेअर टाकायची मुभा नको. बाहेरचे पेनड्राइव्ह बंद.

५. मराठी कळफलक एकच ठरवा, रेमिंग्टन किंवा इनस्क्रिप्ट, आणि बाराही लॅपटॉपवर तोच ठेवा. इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवायची सवय सुरुवातीला सोपी वाटते, पण टंकलेखन परीक्षेत ती कामाची नाही आणि नंतर मोडायला फार जड जाते.

## पायरी ७: प्रवेश

जाहिरातीचे फ्लेक्स लावण्यापेक्षा उमेद या सरकारी अभियानातल्या बचत गटांचं काम गावात बघणाऱ्या सीआरपी ताईंशी बोला. पट त्या भरतात. एका लॅपटॉपवर एकच विद्यार्थी ठेवा. दोघांना एकत्र बसवलं की एकाचा हात माउसवर आणि दुसऱ्याची नुसती नजर, असं शेवटपर्यंत चालतं. मुलगा-मुलगी जोडीत माउस कोणाकडे राहतो, ते सांगायला नको.

प्रवेशाच्या दिवशी कागदं गोळा करू नका. आधारच्या झेरॉक्सचा गठ्ठा गाडीत फिरवणं धोक्याचं आहे. नाव, वय, फोन (मुलींच्या माहेरचा नंबरही) आणि शिक्षण एवढं पुरे. फी अगदी थोडी का होईना घ्या, पण वेळेवर येणाऱ्याला शेवटी परत करा.

पहिल्याच दिवशी सांगा की या गाडीचं प्रमाणपत्र सरकारी नोकरीच्या अर्जात चालत नाही. का, ते पायरी ९ मध्ये.

## पायरी ८: शिकवण्याचा क्रम

बहुतेक गाड्यांत पहिला आठवडा ‘संगणकाचे भाग’ आणि पेंटमध्ये झोपडी काढण्यात जातो. ते गाळा.

आठवडा १ ते ३. प्रत्येक वर्गाची पहिली वीस मिनिटं टायपिंग, शेवटच्या दिवसापर्यंत. सोबत फाइल सेव्ह करणं, फोल्डर करणं आणि फाइल पुन्हा शोधणं. ‘माझी फाइल गेली’ ही तक्रार तिसऱ्या आठवड्यानंतर यायला लागली तर पुढे जाऊ नका.

घरच्या सरावासाठी खर्चिक काही लागत नाही. साधा यूएसबी कीबोर्ड आणि तो फोनला जोडणारी ओटीजी केबल असली की स्मार्टफोनवर टाइप करता येतं. दोघांत एक कीबोर्ड आळीपाळीने घरी द्या. इंग्रजीचा सराव लगेच सुरू होतो. मराठी कळफलक त्या फोनवर चालतो का, हे मात्र आधी बघून द्या.

आठवडा ४ ते ७. एक्सेल, पण पुस्तकातलं नाही. दूध संकलनाची वही घ्या: तारीख, उत्पादक क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), दर, रक्कम. दहा दिवसांच्या दुधाचा पगार, म्हणजे उत्पादकाचं बिल, काढायला लावा. हा हिशेब घरातल्या सगळ्यांना पाठ असतो, त्यामुळे उत्तर चुकलं की विद्यार्थिनीच पकडते. इथे तीन चुका हमखास होतात:

रकान्यात ‘६ लि.’ असं लिहिलं जातं आणि गुणाकाराला उत्तरच येत नाही. आकडा एकटा लिहायचा, एकक वरच्या शीर्षकात.

खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं उडतात. आधार क्रमांक ‘१.२३ई+११’ असा दिसू लागतो.

सोळा आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल पंधरा आकड्यांपलीकडचं लक्षात ठेवत नाही. आणि मागाहून फॉरमॅट बदलून तो आकडा परत येत नाही. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करायचा, मग क्रमांक भरायचा. पतसंस्थेत हे माहीत नसलेला माणूस पहिल्याच आठवड्यात कोणाचे तरी पैसे भलत्या खात्यात पाठवेल.

आठवडा ८ ते १०. पायरी १ मध्ये निवडलेली कामं. सेवा केंद्राचं काम असेल तर फोनने कागद स्कॅन करणं, पीडीएफ जोडणं, फोटो २० ते ५० केबीत आणि सही १० ते २० केबीत बसवणं. सराव बनावट नावांवर आणि स्वतः बनवलेल्या नमुना अर्जांवर. खऱ्या माणसाचा आधार आणि ओटीपी घेऊन खऱ्या पोर्टलवर ‘प्रॅक्टिकल’ अजिबात नको.

ईमेल खातं विद्यार्थिनीच्या स्वतःच्या फोन नंबरावर उघडा. भावाच्या किंवा नवऱ्याच्या नंबरावर उघडलं की पासवर्ड विसरल्या दिवशी खातं गेलंच. एकाच नेटवरून एका दिवशी बारा खाती उघडायला गेलात तर गुगल अडवतं. दिवसाला तीन-चार पुरे.

आठवडा ११ आणि १२. ओळखीच्या दुकानात जाऊन काम. वर्ग फक्त एक दिवस, अडचणी सोडवायला.

सावध: विद्यार्थ्यांच्या फोनवर ‘घरबसल्या डेटा एंट्री’च्या जाहिराती याच काळात सुरू होतात. त्यांचा साचा ठरलेला. आधी नोंदणी शुल्क, मग पानंच्या पानं टाइप करायला लावणं, शेवटी ‘अचूकता कमी’ म्हणून दंडाची नोटीस आणि कोर्टाची धमकी. वर्गात अशा जाहिरातीचा स्क्रीनशॉट पडद्यावर लावून एकेक खूण दाखवा. काम देणारा पैसे मागत नाही, एवढं पाठ करून घ्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.

## पायरी ९: प्रमाणपत्र आणि परीक्षा

राज्य शासनाच्या नोकरीत संगणक अर्हतेसाठी एमएस-सीआयटी किंवा शासनमान्य समकक्ष प्रमाणपत्र लागतं. एमएस-सीआयटीचा प्रवेश आणि परीक्षा एमकेसीएल या संस्थेच्या अधिकृत केंद्रातच. लिपिक-टंकलेखक पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट वेगाचं शासकीय प्रमाणपत्र हवं, आणि ती संगणक टंकलेखनाची परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. अर्ज मान्यताप्राप्त टंकलेखन संस्थेतूनच जातो. म्हणून तालुक्याच्या एका केंद्राशी आणि एका टंकलेखन संस्थेशी वर्ग सुरू होण्याआधी बोलून ठेवा. तुमच्या गाडीतून तयार झालेली पोरं त्यांना आयती मिळतात, त्यामुळे ते फीचे हप्ते सहसा मान्य करतात.

ग्रामीण डिजिटल साक्षरतेची केंद्राची योजना, पीएमजीदिशा, ३१ मार्च २०२४ ला संपली. तिच्या प्रति-विद्यार्थी पैशांवर आखलेली अंदाजपत्रकं अजून फिरत असतात, ती वापरू नका.

ज्यांना स्वतःचं दुकान टाकायचं आहे त्यांना जिल्ह्याच्या आरसेटीकडे (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेकडे) पाठवा. उद्योजकतेचं प्रशिक्षण तिथे मोफत मिळतं, आणि ती संस्था बँकच चालवत असल्याने कर्जाची वाटही थोडी सोपी होते.

## पायरी १०: वर्ग संपल्यावर

तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात प्रत्येक विद्यार्थ्याला फोन करा. ‘कसं चाललंय’ विचारू नका, सगळे ‘बरं’ म्हणतात. विचारा: मागच्या महिन्यात संगणकाच्या कामाचे पैसे मिळाले का? किती? कोणी दिले? लग्न होऊन गेलेल्या मुलीचा फोन लागत नाही, म्हणून तिच्या माहेरचा एक नंबर प्रवेशाच्या वेळीच घेऊन ठेवा.

दुकानदारांनाही फोन करा. तिघा-चौघांनी एकच उणीव सांगितली, समजा फोनवर गिऱ्हाईकाशी नीट बोलता येत नाही, तर पुढच्या तुकडीत अकरावा आठवडा त्यासाठी ठेवा. एखाद्या कामासाठी सलग दोन तुकड्यांतून कोणालाच पैसे मिळाले नाहीत तर ते काम अभ्यासक्रमातून काढा आणि पायरी १ ची वही पुन्हा उघडा.

गाव सोडताना एक लॅपटॉप आणि दोन कीबोर्ड बचत गटाकडे लेखी पोचपावतीवर ठेवा, म्हणजे टंकलेखनाच्या परीक्षेपर्यंत पोरींचा सराव तुटणार नाही. ते ठेवलेल्या कपाटाची चावी गटाच्या अध्यक्षांकडे न देता तुकडीतल्या सगळ्यात नियमित विद्यार्थिनीकडे द्या.